पहिलं आरसी विमान उडवण्याआधी मोटर बंद करणारा हात तयार करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १.२ मीटर पंखांचं, फोमचं, चार चॅनेलचं, म्हणजे रिमोटवरून चार वेगवेगळ्या आज्ञा देता येणारं, आरसी विमान घेतलंय, सिम्युलेटरला (संगणकावरच्या उडवण्याच्या सरावाला) अजून हात लावलेला नाही, येत्या रविवारी घरामागच्या फुटबॉलच्या मैदानात पहिलं उड्डाण करायचंय आणि बारा वर्षांचा मुलगा विमान हातातून सोडणार आहे. हे सुरक्षितपणे कसं करायचं?

आधी स्पष्ट सांगतो, हा रविवार सोडा. उत्साह घालवायचा नाहीये. पण तुमच्या योजनेतल्या तीन गोष्टी मला खटकतात: मैदान, सिम्युलेटर न करणं, आणि मुलाचा हात प्रॉपेलरजवळ असणं.

फोमचं विमान हलकं, त्यानं काय होणार, असं नव्याला वाटतं. मलाही तसंच वाटायचं. तुमच्या मापाचं विमान बॅटरीसकट साधारण एक किलोच्या आसपास भरतं आणि सेकंदाला १५ मीटर वेग सहज गाठतं. म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. एक किलोची वस्तू साडेअकरा मीटरवरून, चौथ्या मजल्याच्या आसपासहून, खाली सोडली तर जमिनीवर ज्या जोरानं आदळेल तोच हा जोर. फोम चेपतो हे खरं, पण नाकाशी मोटर असते आणि तिच्यामागे बॅटरीची वीट.

प्रॉपेलरचंही तेच. नऊ इंची प्रॉपेलर मिनिटाला ९,००० फेरे घेत असेल तर त्याचं टोक ताशी जवळपास ३९० किलोमीटरनं फिरत असतं. पेट्रोलच्या इंजिनात बोट अडकलं तर निदान इंजिन बंद पडण्याची शक्यता असते. विजेची मोटर अडथळा आला की आणखी करंट ओढते आणि पुन्हा फिरायला बघते. माझ्या पाहण्यात या छंदातल्या बहुतेक जखमा हवेत झालेल्या नाहीत. त्या टेबलावर झाल्या, सेटिंग करताना, 'एकदा बघू फिरतोय का' म्हणताना. म्हणून घरात जे काही काम कराल, बाइंडिंग (ट्रान्समीटर म्हणजे हातातला रिमोट आणि विमानातला रिसीव्हर यांची जोडणी), सर्व्होची (पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरची) दिशा, ईएससीचं (मुख्य मोटरचा वेग ठरवणाऱ्या सर्किटचं) कॅलिब्रेशन, ते सगळं प्रॉपेलर काढून. अपवाद नाही. बॅटरी जोडली की विमान जिवंत आहे असं समजायचं, थ्रॉटल (मोटरचा जोर) शून्यावर असला तरी.

जोडण्याचा क्रम एकच: आधी ट्रान्समीटर चालू, थ्रॉटल पूर्ण खाली, थ्रॉटल कटचा स्विच 'बंद'वर, मग विमानाची बॅटरी. उतरल्यावर उलट: आधी विमानाची बॅटरी काढायची, ट्रान्समीटर शेवटी. थ्रॉटल कट म्हणजे काडी (ट्रान्समीटरवरची स्टिक) कुठेही असली तरी मोटर थांबवणारा स्विच. तुमच्या ट्रान्समीटरवर तो लावलेला नसेल तर आजच लावा, आणि असा स्विच निवडा जो काड्यांवरून बोट न उचलता लागतो. पुढे सांगतो त्यातलं निम्मं या स्विचवर अवलंबून आहे.

आता फेलसेफ. सिग्नल तुटला तर रिसीव्हरनं काय करायचं ते आधी ठरवून द्यावं लागतं. काही रिसीव्हर शेवटची आज्ञा तशीच धरून ठेवतात, म्हणजे तुम्ही थ्रॉटल अर्ध्यावर ठेवला असेल तर विमान अर्ध्या थ्रॉटलवर क्षितिजाकडे निघून जातं. तपासायला दोन मिनिटं पुरतात. प्रॉपेलर काढा, मोटर हळू फिरू द्या आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटर लगेच थांबली पाहिजे. थांबली नाही तर रिसीव्हरच्या माहितीपत्रकाप्रमाणे फेलसेफ पुन्हा सेट करून तीच चाचणी परत घ्या. त्यानंतर मैदानावर रेंज चाचणी: ट्रान्समीटर कमी शक्तीच्या मोडवर टाकून साधारण तीस पावलं दूर जायचं आणि सगळे भाग नीट हलतात का पाहायचं. आणि अँटेनाचं टोक विमानाकडे रोखू नका. टोकाच्या दिशेनं सिग्नल सगळ्यात क्षीण असतो. अँटेना आडवी वळवून ठेवली की तिची कूस विमानाकडे राहते.

दिशांची तपासणी विमानाच्या मागे उभं राहून करा. काडी उजवीकडे नेली की उजवं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर उठलं पाहिजे. काडी स्वतःकडे ओढली की एलिव्हेटर (शेपटीची आडवी हलती पट्टी) वर. विमानात स्थिरतेसाठी जायरो (झुकलेलं विमान आपोआप सावरणारं उपकरण) असेल तर आणखी एक गोष्ट, जी बरेच जण विसरतात: विमान हातात धरून उजवा पंख झटकन खाली झुकवा. उजवं एलेरॉन आपोआप खाली गेलं पाहिजे, कारण जायरोला तो पंख उचलायचा आहे. ते वर गेलं तर जायरो उलटा बसलाय. असं विमान हवेत गेल्यावर दोन सेकंदांत स्वतःलाच पालथं करतं आणि तुमच्या हातात काहीही राहत नाही.

तोल माहितीपत्रकात दिलेल्या जागीच हवा, आणि तो बॅटरी आत बसवून पाहायचा. उंच पंखाच्या शिकाऊ विमानात ती जागा बहुधा पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर येते. शंका असेल तर नाक किंचित जड ठेवा. नाक जड असलेलं विमान आळशी उडतं. शेपूट जड असलेलं विमान सावरायला तुमच्याकडे अजून हात नाहीत.

विमानाच्या लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीबद्दल मला वाटतं ते ठामपणे सांगतो, तिला पेट्रोलइतकाच मान द्या. प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, त्यावर एक तसूभरही नाही. ३ व्होल्टच्या खाली गेला की तो सेल खराब होतो. २,२०० एमएएच (मिलीअँपिअर-तास) क्षमतेची बॅटरी २.२ अँपिअरवर, बॅलन्सची (सगळे सेल सारखे भरण्यासाठीची) तार लावून भरायची. चार्जरवर लायपोचाच प्रोग्रॅम आणि सेलची संख्या बरोबर निवडलीय ना, हे दर वेळी पाहायचं. फरशीवर, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब, आणि तुम्ही तिथे जागे असताना. रात्री चार्जिंगला लावून झोपायचं नाही. आठवडाभर उडवणार नसाल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा भरू नका. आणि विमान आपटलं की बॅटरी काढून अर्धा तास तरी उघड्यावर ठेवा, लगेच गाडीत टाकू नका. आत दबलेला सेल काही वेळानंही पेट घेऊ शकतो.

मैदानाकडे येतो. फुटबॉलचं मैदान मोठं वाटतं, पण त्याची लांबी साधारण १०५ मीटर. तुमचं विमान ताशी ४० किलोमीटरनं उडालं तरी ते दहा सेकंदांच्या आत संपतं. त्या दहा सेकंदांत तुम्हाला वळायचंय, उंची राखायची आहे आणि विमान येतंय की जातंय हेही ओळखायचंय. पुढे घरं, रस्ता, तारा. नाही जमणार. जिथे आरसी विमानं नियमित उडवली जातात अशी जागा शोधा, तिथे शिकवणारा माणूसही भेटेल. तशी सोय नसेल तर सर्व बाजूंना काहीशे मीटर मोकळी, माणसं, गुरं, विजेच्या तारा नसलेली जागा पाहा, मालकाची परवानगी घ्या, आणि तुमच्या देशाच्या विमान वाहतुकीचे नियम आधी वाचा. नोंदणी, वजनाची मर्यादा, विमानतळापासूनचं अंतर हे देशागणिक बदलतं. बऱ्याच ठिकाणी उंचीची मर्यादा १२० मीटर असते. मर्यादा काहीही असो, खरं विमान किंवा हेलिकॉप्टर दिसलं की तुमचं विमान ताबडतोब खाली.

उभं राहताना एक काल्पनिक रेघ आखा. तुम्ही आणि बघणारे सगळे रेघेच्या मागे, विमान कायम पुढे. सूर्य पाठीशी हवा. वारा शक्यतो तोंडावर, म्हणजे विमान भरकटलं तरी वारा ते तुमच्याकडे आणेल, दूर नेणार नाही. सकाळी लवकर जा. ऊन चढलं की जमीन तापते, हवा उकळल्यासारखी वरखाली होते आणि नवा माणूस तो धक्का आपलीच चूक समजून काडी जास्त ओढतो. झाडाची पानं सतत हलत असतील तर तो दिवस तुमचा नाही.

वाऱ्याबरोबर उडताना एक फसवणूक होते. विमान जमिनीच्या हिशेबानं वेगात दिसतं, म्हणून माणूस थ्रॉटल कमी करतो. पंखाला मात्र जमिनीचा वेग कळत नाही, त्याला फक्त समोरून येणारी हवा कळते. तिथेच वळण घेतलं की स्टॉल, म्हणजे पंखाची उचलण्याची ताकद जाते आणि विमान खाली पडतं. शिवाय वळणात पंखावरचा भार वाढतो. विमान ६० अंश झुकवून उंची राखत वळवलं तर पंखाला दुप्पट वजन उचलावं लागतं आणि स्टॉलचा वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. म्हणून सुरुवातीला वळणं रुंद आणि उथळ ठेवा. विमान अचानक मऊ झाल्यासारखं वाटलं, नाक पडलं, तर हात आपसूक काडी ओढायला जातो. ओढू नका. काडी सैल सोडा, थ्रॉटल वाढवा, वेग येऊ द्या, मग हळूच वर घ्या. यासाठी उंची लागते. दोन चुका पोटात घालता येतील इतकी उंची कायम ठेवा, म्हणजे एक चूक झाली आणि ती सुधारताना दुसरी झाली तरी खाली जागा उरेल.

विमान तुमच्याकडे येताना डावं-उजवं उलटतं. हा गोंधळ विचार करून सुटत नाही, बोटांना सवय व्हावी लागते, आणि म्हणूनच सिम्युलेटर. स्वतःचाच ट्रान्समीटर संगणकाला जोडून दहा-बारा तास काढा. तिथे फक्त एक गोष्ट घोटून घ्या: येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकलाय, काडी त्याच बाजूला न्यायची, जणू त्या पंखाखाली टेकू लावला. आणि सिम्युलेटरवरही प्रत्येक वेळी विमान हाताबाहेर गेलं की थ्रॉटल कट दाबायचा. तिथे त्याची गरज नसते, तरीही दाबायचा.

का, ते माझ्या अनुभवातून सांगतो. उडवायला लागून मला काही आठवडेच झाले होते. विमान सूर्याच्या दिशेनं गेलं, दिसेनासं झालं, आणि परत दिसलं तेव्हा बघायला उभ्या असलेल्या लोकांकडे उतरत होतं. मी ते वाचवायला गेलो. एलेरॉन, एलिव्हेटर, पूर्ण थ्रॉटल. तीन-चार सेकंद मी त्या विमानाशी झगडत होतो आणि माझ्या डोक्यात एकच विचार होता की इतक्या महिन्यांचं काम मोडायला नको. ते एका लहान मुलीपासून दोन हातांवर जमिनीत घुसलं, मोटर पूर्ण जोरात चालू. तिला काही झालं नाही. तिच्या आईनं मला एक शब्दही बोलला नाही, फक्त मुलीला उचलून निघून गेली. ती पाठमोरी बाई मला अजून दिसते. मी मोटर बंद करून विमान पहिल्याच सेकंदाला रिकाम्या बाजूला पाडू शकलो असतो. तो पर्याय मला सुचलाच नाही, कारण विमान घालवायची तयारी मी घरून करून आलो नव्हतो. ती मैदानावर होत नाही. तेवढा वेळ नसतो.

तेव्हा प्रत्येक उड्डाणाआधी मनात ठरवा, आज हे विमान परत आलं नाही तरी चालेल, आणि कुठल्या बाजूला पाडायचं तेही बघून ठेवा. शेत, झुडपं, काहीही, जिथे माणूस नाही.

पहिली काही उड्डाणं शक्य असेल तर बडी बॉक्सवर करा. शिकवणाऱ्याच्या हातात दुसरा ट्रान्समीटर असतो आणि त्यानं स्विच सोडला की विमान त्याच्याकडे जातं. काड्यांचा तिखटपणा कमी करायला ड्युअल रेट (भाग जास्तीत जास्त किती हलतील त्याची मर्यादा) साठ-सत्तर टक्क्यांवर आणि एक्स्पो (काडीच्या मध्याजवळचा मऊपणा) २५-३० टक्के ठेवा. टायमर पाच मिनिटांचा. वाजला की उतरायचंच, आणि उतरल्यावर सेल मोजायचे. ३.७ व्होल्टच्या आसपास असतील तर वेळ बरोबर आहे.

झाडात अडकलं तर आधी मोटर कट. अडकलेला प्रॉपेलर थ्रॉटलवर ठेवला तर ईएससी जळतो. लांब काठी आणा, झाडावर चढू नका. गवतात पडलं तर ट्रान्समीटर चालूच ठेवून जा आणि मागून हात घालून बॅटरी काढा.

राहिला तुमचा मुलगा. हातातून सोडण्याचं काम त्याला आत्ता देऊ नका. सोडणारा मोठा माणूस हवा, विमान पोटाखाली धरून, प्रॉपेलरच्या रेषेबाहेर चेहरा ठेवून, वाऱ्याच्या तोंडावर आणि सपाट सोडणारा. आकाशाकडे फेकलेलं विमान तिथेच स्टॉल होतं. मुलाला तुमच्या शेजारी, अर्धं पाऊल मागे उभं करा. तुमची नजर विमानावर खिळलेली असेल तेव्हा तुम्हाला बाकी काही दिसत नाही, ते त्यानं पाहायचं: मैदानात कोणी शिरलं का, कुत्रं आलं का, वर हेलिकॉप्टरचा आवाज येतोय का, किती मिनिटं झाली. त्यानं 'उतरवा' म्हटलं की तुम्ही कारण न विचारता उतरवायचं. आणि घरी सिम्युलेटरवर त्यालाही बसवा. बडी बॉक्सची दुसरी बाजू वर्षभरात त्याच्या हातात द्यावीशी वाटेल.