सलाईन कोणत्या हाताला?

प्रश्न : माझी मुलगी नागपुरात बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मार्क चांगले आहेत. आम्ही तिला जर्मनच्या क्लासला घातलं आहे. शेजारच्या कर्णबधिर मैत्रिणीमुळे आता तिला रविवारी सांकेतिक भाषेचा वर्ग लावायचा आहे. ऐकू न येणाऱ्या पेशंटला कागदावर लिहून दाखवता येतं. खुणा शिकून पगार वाढतो का? तिची समजूत कशी काढावी?
– एक वडील, मानेवाडा

उत्तर : तुमच्या पत्रात मुलीच्या अभ्यासाची काळजी कुठेच नाही, तिच्या रविवारची आहे. ‘आम्ही घातलं’ आहे, पण तिला काय वाटतं याची एक ओळ नाही. वॉर्डात ड्युटी करणारी, रात्रपाळीला पेशंट सांभाळणारी मुलगी आहे ती. समजूत काढायचीच तर मला तुमची काढावी लागेल.

जर्मनीचा रस्ता चांगला आहे, बी-टू या पातळीपर्यंत भाषा लागते. नॉरसेट ही नर्सिंग भरतीची परीक्षा देऊन एम्सला जाणंही चांगलं. रविवारच्या वर्गाने यातलं काहीच बुडत नाही. पगार मात्र वाढणार नाही, हे तुमचं खरं.

कागदाचं म्हणणं साफ चूक आहे. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या कित्येकांची खरी भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते. तिचं व्याकरण मराठीसारखं चालत नाही, आणि लिहिलेली मराठी त्यांच्या वाट्याला अर्धवटच आलेली असते. ‘जेवणाआधी अर्धा तास, दुखलं तरच’ असं लिहून दिलं की पेशंट मान डोलावतो आणि नर्स पुढच्या खाटेकडे जाते. गोळी चुकते ती इथे. ओठ वाचतील म्हणावं, तर प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात, त्यात मास्क. मग नातेवाइकाला विचारतात. पाळी कधी चुकली ते सुनेऐवजी सासू सांगते. आणि उजव्या हाताने बोलणाऱ्या बाईच्या उजव्याच हाताला सलाईन लावून पट्टी गुंडाळली, की तिचं बोलणंच बंद. तुमची मुलगी आधी विचारेल, कोणता हात? नागपुरातल्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डात असं विचारणारी सिस्टर हवी आहे.

तिलाही एक सांगतो. हा वर्ग केला म्हणून दुभाषी झालो असं समजायचं नाही. ऑपरेशनची संमती घेताना प्रशिक्षित दुभाषीच बोलवायचा. त्याची दोन वर्षांची पदविका वेगळी असते. त्या पदविकेसाठी नर्सिंग सोडू नकोस. खाटेजवळचं आधी पक्कं कर : कुठे दुखतं, किती, कशाची ॲलर्जी आहे, काही खाल्लंय का. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश ऑनलाइन फुकट आहे. पण नुसते व्हिडिओ पाहून हात वळत नाही. रोज मैत्रिणीशी बोल, चुकलं तर ती सांगेल.

वर्गाची फी अजून भरली नसेल, तर या आठवड्यात भरून टाका.