गणित सुटतं, पण उत्तर लिहिता येत नाही: कॉन्फिडन्स इंटरव्हल आणि हायपोथेसिस टेस्टिंगचा सराव

प्रश्न थोडक्यात असा आहे: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, सोडवलेली उदाहरणं पुन्हा घेतली तर "गणितं सुटून राहिली", पण पेपरात नवा मजकूर आला की कोणती टेस्ट लावायची ते सुचत नाही. शिवाय निष्कर्षाच्या वाक्याला मार्क कापले जातात. हाताशी फोन आणि कॅल्क्युलेटर, बाकी काही नाही.

भाऊ, सूत्रं येत असतील तर त्याच साच्याची आणखी पन्नास उदाहरणं सोडवून फरक पडणार नाही. उदाहरणं कमी घ्या, पण प्रत्येकाचं इंटरव्हल (नमुन्यावरून काढलेल्या, खऱ्या आकड्याच्या अंदाजाच्या दोन हद्दी) आणि टेस्ट (समूहाबद्दलचा एखादा दावा नमुन्याशी जुळतो का, ही तपासणी) दोन्ही काढा. आणि कॅल्क्युलेटरला हात लावायच्या आधी वहीत चार गोष्टी लिहा: कोणत्या समूहाबद्दल बोलतोय, त्या समूहाचा कोणता आकडा हवाय (सरासरी की प्रमाण), नमुना एक आहे, दोन वेगळे आहेत की जोड्या आहेत, आणि नमुना कसा उचलला. कोणती टेस्ट लावायची हे या चार ओळींतूनच ठरतं. पेपरातला "टेस्ट करा" हा शब्द शोधत बसू नका.

उदाहरण तुमच्या घरातलंच घेऊ. पेरणीआधी घरच्या सोयाबीनची उगवण तपासतात: ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, मग उगवलेले दाणे मोजायचे. अशा तीन गुंडाळ्या करायला सांगतात. प्रमाणित सोयाबीन बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते, म्हणून ७० हा आपला तुलनेचा आकडा.

समजा १०० पैकी ६४ दाणे उगवले. समूह म्हणजे त्या घरातलं सगळं बियाणं, फक्त गुंडाळीतले दाणे नाहीत. आकडा आहे प्रमाण, नमुना एक. म्हणजे एका प्रमाणाची झेड टेस्ट.

इंटरव्हल: ०.६४ × ०.३६ = ०.२३०४, भागिले १००, वर्गमूळ ०.०४८. हा स्टँडर्ड एरर, म्हणजे नमुन्यागणिक प्रमाण साधारण किती हलतं तो आकडा. त्याला १.९६ ने (९५ टक्क्यांच्या इंटरव्हलसाठी नॉर्मल कोष्टकातला आकडा) गुणलं की ०.०९४. इंटरव्हल ५४.६ ते ७३.४ टक्के.

टेस्ट: नल हायपोथेसिस (तपासण्यासाठी आधी खरा धरलेला दावा) "उगवण ७० टक्के आहे", पर्यायी "७० पेक्षा कमी आहे". इथे बहुतेक मुलं घसरतात. टेस्टमध्ये स्टँडर्ड एरर ०.६४ वरून काढायचा नाही, ०.७० वरून काढायचा, कारण नल खरं आहे असं धरूनच हिशोब चाललाय. ०.७ × ०.३ भागिले १००, वर्गमूळ ०.०४५८. झेड = −०.०६ ÷ ०.०४५८ = −१.३१, म्हणजे नमुना ७० पासून इतके स्टँडर्ड एरर खाली. डाव्या बाजूची पी-व्हॅल्यू सुमारे ०.०९५. (बायनॉमियलने नेमकी मोजली तर ०.११६ येते. १०० दाण्यांनाही नॉर्मलच्या अंदाजात एवढा फरक पडतो, कंटिन्युइटी करेक्शन, म्हणजे अर्ध्या दाण्याची दुरुस्ती, त्यासाठीच असतं.) ५ टक्के पातळीला (पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली तरच नाकारायचं) नल नाकारता येत नाही.

आता वाक्य. "उगवण ७० टक्के आहे हे सिद्ध झालं" असं लिहिलं तर मार्क जाणारच, आणि जायलाच हवेत. इंटरव्हल बघा: त्यात ७० बसतात, तसे ५६ पण बसतात. बरोबर वाक्य असं: "उगवण ७० टक्क्यांपेक्षा कमी आहे असं म्हणायला या १०० दाण्यांत पुरेसा पुरावा नाही." आणि पी-व्हॅल्यूचं वाक्य: "उगवण खरोखर ७० टक्के असती, तर १०० पैकी ६४ किंवा त्याहून कमी दाणे उगवण्याची शक्यता नॉर्मलच्या अंदाजाने साधारण साडेनऊ टक्के." वाक्याची सुरुवात "असती, तर" ने झाली पाहिजे. ते निसटलं की पी-व्हॅल्यू म्हणजे "नल खरं असण्याची शक्यता" असा अर्थ होतो, आणि तो चूक आहे.

इंटरव्हलचंही तसंच. "खरी उगवण ५४.६ ते ७३.४ मध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के" हे या पद्धतीत म्हणता येत नाही. घरातल्या बियाण्याची खरी उगवण ठरलेली आहे, ती या दोन आकड्यांमध्ये आहे किंवा नाही. ९५ टक्के हा पद्धतीचा भरवसा: असे नमुने पुन्हा पुन्हा घेतले तर काढलेल्या इंटरव्हलांपैकी साधारण ९५ टक्के खऱ्या आकड्याला धरतील. तुमचे मार्क बहुधा इथेच जात असावेत.

आता मघाचे ६४ दाणे बाजूला ठेवा आणि नव्याने तिन्ही गुंडाळ्या मोजा. समजा ७१, ५८ आणि ६३ निघाले. एकूण ३०० पैकी १९२, म्हणजे टक्केवारी तीच, ६४. पण स्टँडर्ड एरर आता ०.०२७७, इंटरव्हल ५८.६ ते ६९.४, टेस्टचा झेड −२.२७, पी-व्हॅल्यू ०.०१२. नल नाकारलं. प्रमाण तेच, फक्त दाणे तिप्पट झाले आणि निष्कर्ष फिरला. पहिलीच गुंडाळी बघून "७१ आले, झालं" म्हणून थांबणारा माणूस चुकला असता. एका गुंडाळीत पाच-सात दाणे इकडेतिकडे होणारच, कारण ६४ टक्क्यांना १०० दाण्यांवर स्टँडर्ड डेव्हिएशनच ४.८ दाण्यांचं आहे.

हेच टाइप-२ एररच्या (नल चूक असूनही ते न नाकारण्याच्या) भाषेत करून बघा, पुस्तकात हा भाग दोन ओळींत उरकलेला असतो. १०० दाण्यांवर ५ टक्के पातळीला नल कधी नाकारणार? प्रमाण ०.७० − १.६४५ × ०.०४५८ = ०.६२५ च्या खाली गेलं तर (१.६४५ हा एका बाजूच्या ५ टक्क्यांचा कोष्टकातला आकडा). बियाणं खरंच ६४ टक्क्यांचं असेल तर नमुना तेवढा खाली जायची शक्यता सुमारे ३७ टक्के. म्हणजे अशी खराब लॉट दहापैकी सहा वेळा हातातून सुटते. ३०० दाण्यांवर तीच पकड ७२ टक्क्यांपर्यंत जाते. बीज परीक्षण प्रयोगशाळेत ४०० दाणे का घेतात, ते यावरून कळतं.

दोन टाके मात्र या उदाहरणात उसवू शकतात. एक, दाणे कुठून घेतले? एकाच कट्ट्याच्या तोंडाशी हात घालून ३०० दाणे काढले असतील तर निष्कर्ष त्या कट्ट्याच्या वरच्या थरापुरताच. सगळ्या कट्ट्यांतून, वरून, मधून, तळातून घेऊन मिसळायला हवं. यावर कोणतंही सूत्र इलाज करत नाही. दोन, नमुना फार लहान असला तर हे सूत्र खोटं बोलतं. १० पैकी १० दाणे उगवले तर ०.०० चा स्टँडर्ड एरर येतो आणि इंटरव्हल १०० ते १००! तिथे दोन यश आणि दोन अपयश वाढवून १४ पैकी १२ धरा. खालची हद्द ६७ टक्क्यांच्या आसपास येते, ती जास्त प्रामाणिक आहे. पुस्तकातला "यश आणि अपयश दोन्ही किमान ५ (काही ठिकाणी १०)" हा नियम याचसाठी असतो.

सरासरीकडे येऊ. सोयाबीनची हमीभावाने खरेदी होताना ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो. समजा आठ कट्ट्यांवर मीटरने ओलावा घेतला: १२.६, ११.९, १३.१, १२.४, १२.८, ११.७, १३.०, १२.५. सरासरी १२.५. फरकांच्या वर्गांची बेरीज १.७२, भागिले ७, वर्गमूळ ०.४९६. स्टँडर्ड एरर ०.४९६ ÷ √८ = ०.१७५. समूहाचं स्टँडर्ड डेव्हिएशन माहीत नाही, नमुना आठचाच, म्हणून झेडऐवजी टीचं कोष्टक. ७ डिग्री ऑफ फ्रीडमला (नमुन्यातले आकडे वजा एक) कोष्टकात २.३६५. इंटरव्हल १२.०९ ते १२.९१. टी = ०.५ ÷ ०.१७५ = २.८५, दोन्ही बाजूंची पी-व्हॅल्यू ०.०२ आणि ०.०५ च्या मध्ये. इंटरव्हलमध्ये १२ नाही आणि टेस्टनेही १२ नाकारलं. दोन बाजूंची ५ टक्क्यांची टी-टेस्ट आणि ९५ टक्क्यांचा इंटरव्हल यांचा निकाल नेहमी जुळलाच पाहिजे. नाही जुळला तर गणितात चूक आहे, ती शोधा. फुकटची तपासणी आहे ही. (प्रमाणाच्या बाबतीत वर बघितल्याप्रमाणे दोन वेगळे स्टँडर्ड एरर वापरतो, म्हणून तिथे काठावर क्वचित विसंगती येते. एका बाजूच्या ५ टक्के टेस्टशी ताडायचा इंटरव्हल ९० टक्क्यांचा.)

इथे २.३६५ ऐवजी सवयीने १.९६ घातलं तर इंटरव्हल १२.१६ ते १२.८४ येतो, उगाचच अरुंद. गिनेसच्या दारू कारखान्यातल्या गॉसेटने १९०८ मध्ये "स्टुडंट" या टोपणनावाने टीचं काम छापलं ते नेमक्या याच अडचणीपायी: नमुने लहान, आणि नॉर्मलचं कोष्टक जास्तीचा भरवसा देत होतं.

कॅल्क्युलेटरवरची चूक वेगळी. फरकांच्या वर्गांची बेरीज ७ ने भागायची, ८ ने नाही. कॅसिओच्या ईएस प्लस मॉडेलवर "एसएक्स" घ्यायचं, "सिग्माएक्स" नाही. जुन्या एमएस मॉडेलवर "एन-१" लिहिलेलं घ्यायचं. ८ ने भागलं तर ०.४६४ येतं, आणि पुढचं सगळं चुकत जातं.

आता सगळ्यात जास्त मार्क खाणारी गोष्ट, जोड्या. समजा सहा वावरांत प्रत्येकी दोन शेजारचे पट्टे, एकात नवीन खत, एकात नेहमीचं. उत्पन्न क्विंटल प्रति एकर, नवीन खताचं आधी: ८.१ व ७.६, ५.२ व ४.९, ९.४ व ८.८, ६.७ व ६.५, ४.६ व ४.२, ७.५ व ७.१.

दोन वेगळे नमुने समजून टेस्ट केली तर सरासरीतला फरक ०.४, स्टँडर्ड एरर १.०२, टी = ०.३९. काहीच नाही! जोड्यांनी केलं तर फरक ०.५, ०.३, ०.६, ०.२, ०.४, ०.४, त्यांची सरासरी ०.४, स्टँडर्ड एरर ०.०५८, टी = ६.९. ५ डिग्री ऑफ फ्रीडमला २.५७ पुरे होतं. इंटरव्हल ०.२५ ते ०.५५ क्विंटल.

आकडे तेच, मग असं का? एक वावर काळ्या भारी जमिनीचं, दुसरं मुरमाड. वावरा-वावरातला फरक चार-पाच क्विंटलचा, आणि खताचा फरक अर्ध्याहून कमी. वेगळे नमुने धरले की जमिनीचा फरक खताच्या फरकाला गिळतो. जोडीत वजाबाकी केली की जमीन निघून जाते. पेपरात ओळखायची खूण: पहिल्या यादीतला तिसरा आकडा दुसऱ्या यादीतल्या तिसऱ्याशीच का बांधलाय, याचं कारण मजकुरात सापडतं का? तोच माणूस, तेच वावर, तोच कट्टा. सापडलं तर जोडी. दोन्ही याद्यांत आकड्यांची संख्या सारखी आहे एवढ्यावरून जोडी ठरत नाही. आणि टेस्टनंतर ०.२५ ते ०.५५ क्विंटलमध्ये खताचा खर्च निघतो का, हेही एका ओळीत लिहा. "लक्षणीय" आणि "परवडणारं" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, परीक्षकाला ती ओळ आवडते.

९५ टक्क्यांचा अर्थ अंगवळणी पाडायला फोनवरचं गूगल शीट्स पुरेसं आहे. एका कप्प्यात यादृच्छिक आकडा देणारं रँड फंक्शन ०.७ पेक्षा कमी आलं तर १, नाहीतर ०, असं सूत्र टाका. ते आडवं १०० कप्प्यांत ओढा, शेवटी सरासरी आणि इंटरव्हलच्या दोन्ही हद्दी काढा, मग ती ओळ खाली २०० वेळा ओढा. खरं प्रमाण ०.७ तुम्हीच ठरवलेलं आहे, तेव्हा किती ओळी त्याला चुकल्या ते मोजता येतं. दहाच्या आसपास निघतील, नेमक्या दहा नाहीत. नुसत्या २० ओळींवर थांबू नका: २० पैकी एकही न चुकण्याची शक्यताच ३६ टक्के आहे, आणि मग माणूस समजतो की आपलं सूत्र भारी आहे.

पातळी ५ टक्केच का, असं तुम्ही विचारलं नाही, पण तोंडी परीक्षेत विचारतात. फिशरने १९२५ च्या आपल्या पुस्तकात तो आकडा सोयीचा म्हणून वापरला आणि तो रुळला. आकडे बघायच्या आधी पातळी आणि एक बाजू की दोन, हे ठरवायचं, एवढंच बंधन खरं. पी-व्हॅल्यू ०.०७ आली म्हणून दोन बाजूंची टेस्ट एका बाजूची करायची, ही लबाडी आहे.

एक उदाहरण स्वतः करून बघा. दोन गावांच्या कापसाचा रुईचा उतारा, टक्क्यांत, पाच-पाच स्वतंत्र नमुने. पहिलं गाव: ३४.१, ३३.६, ३४.८, ३३.९, ३४.६. दुसरं: ३३.२, ३३.९, ३२.८, ३३.५, ३३.१. आधी चार ओळी लिहा, मग गणित. एकत्रित व्हेरियन्स (दोन्ही गावांच्या फरकांच्या वर्गांची बेरीज भागिले ८) ०.२१, टी ३.१ (५ + ५ − २ = ८ डिग्री ऑफ फ्रीडम), इंटरव्हल ०.२३ ते १.५७ यायला हवा. टी वेगळा आला तर बहुतेक तुम्ही जोड्या लावल्या असतील. तुमची निष्कर्षाची दोन वाक्यं इथेच टाका, तपासून सांगतो.