पर्यावरणाचे गेम बनवायला जर्मनीला यायचंय? मग पोर्टफोलिओ मराठवाड्यातूनच आणा

ताई, तुम्ही विचारलंय की संभाजीनगरला बीई कॉम्प्युटर झालंय, लहान मुलांना पर्यावरण शिकवणारे कॉम्प्युटर गेम बनवायचेत, तर मास्टर्सला जर्मनीला यावं का. मी मूळचा उदगीरचा, इथं याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या, नक्की या, पण पोर्टफोलिओ तिकडूनच तयार करून आणा. पर्यावरणाचा गेम म्हटलं की बहुतेक जण एकच बनवतात, कचरा उचला, झाड लावा, पॉइंट घ्या. त्यातून पोरगं बटण दाबायला शिकतं, बाकी काही नाही. खरं शिकणं गेमच्या नियमात असतं आणि आपल्याकडं तसले नियम रोजच्या जगण्यात आहेत. समजा चार मुलं खेळायलेत, चौघांची शेतं शेजारी शेजारी, खालचं पाणी सगळ्यांचं एकच. ऊस लावला तर पैसा जास्त, पण त्याला 1500 ते 2500 मिमी पाणी लागतं आणि आपला वर्षाचा पाऊस 700-750 च्या आसपास, मग बाकीचं कुठून आणणार, तर बोअर मारणार, मग शेजारी त्याहून खोल मारणार, आणि आपला बसाल्ट खडक असला की पाणी राहतं ते वरच्या मुरमात अन् भेगांमध्ये, ते उपसून संपलं की कितीही खाली जा, धुरळाच निघतो. हे चारपाच हंगाम खेळलं की एखादं पोरगं आपणहून शेजारच्याला म्हणतं, तू ऊस नको लावू, मीपण नाही लावत. ते बोलणं घडावं म्हणून गेम करायचा. डेनिस मेडोज यांचा फिश बँक्स म्हणून जुना गेम आहे, सगळे मिळून एकाच समुद्रातले मासे पकडतात, तो जरूर खेळून बघा, बांधणी हीच आहे. अन् नियम बेफिकीर खेळले तर शेवट काय होतो ते 2016 ला लातूरनं बघितलंय, मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं.

एक कळकळीनं सांगतो, शेतकऱ्याला व्हिलन करू नका. कारखाना ऊस घेतो, सोयाबीनच्या भावाचा भरवसा नाही, डोक्यावर कर्ज, हे सगळं नियमात आलं पाहिजे. नाहीतर ऊसवाल्याचं पोरगं वर्गात मान खाली घालून बसेल आणि तुमचा गेम तिथंच फेल.

आधी कागदावर करा. पाणी म्हणून चिंचोके घ्या, एखाद्या झेडपीच्या शाळेत सरांना विचारून पाचवी-सहावीच्या पोरांना खेळायला द्या आणि तुम्ही मधे अजिबात बोलू नका, नुसतं बघा. कुठं कंटाळतात, कुठं भांडतात ते लिहून ठेवा. मग गोडो ह्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवा, फुकट आहे, साध्या मशीनवर पण चालतं. ह्या नोंदी अन् त्यावरून गेममध्ये काय बदललं, हे पोर्टफोलिओत चकचकीत ग्राफिक्सपेक्षा लई वजनदार दिसतं.

आता इकडचं. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुमची शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला, भारतीय विद्यार्थ्यांना लागतंच, वेळ जातो, लवकर काढा. ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे व्हिसासाठी राहण्या-खाण्याचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्यात, सध्या वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही, पण बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये आपल्यासारख्यांना सेमिस्टरला 1500 युरो आहे आणि काही मास्टर्सची फी वेगळीच असते, म्हणून प्रत्येक कोर्सचं पान नीट वाचा. कोलोन शहरात टीएच कोलोन ह्या सरकारी युनिव्हर्सिटीचं गेम शिकवणारं कोलोन गेम लॅब आहे, तिथून सुरुवात करा शोधायला.

जर्मन शिका. कोर्स इंग्रजीत असला तरी आठ वर्षांचं पोरगं तुमच्याशी इंग्रजीत बोलणार नाही, अन् पोरांशी बोलता आलं नाही तर ह्या कामात काय उरलं? शाळेत टेस्ट करायची म्हणजे शाळेची, पालकांची लेखी परवानगी, डेटाचे नियम कडक आहेत, 16 वर्षांखालच्या मुलांचं तर जास्तच.

नोकरीचं स्पष्टच सांगतो. डिग्रीनंतर काम शोधायला 18 महिने मिळतात, पण शैक्षणिक गेमचा पैसा बराचसा सरकारी अनुदान, म्युझियम, फाउंडेशन असल्या ठिकाणाहून येतो, प्रोजेक्ट संपला की कॉन्ट्रॅक्ट संपलं असं होतं, पगार पण साध्या सॉफ्टवेअरपेक्षा कमीच धरा. घरचं कर्ज काढून येणार असाल तर प्रोग्रामिंग पक्कं ठेवा, त्यावर पोट चालेल आणि हे काम सोडावं लागणार नाही.

कागदी गेम तयार झाला की नियम इथंच टाका, मी वाचून सांगतो कुठं अडकायलंय.