नराचे गाणे आणि त्याची प्रकृती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : विणीच्या हंगामात नर पक्षी गाऊन मादीला आकर्षित करतो आणि मादी त्या गाण्यावरून त्याची प्रकृती ओळखते, असे नेहमी वाचनात येते. परंतु गळा गोड असणे आणि शरीर धडधाकट असणे यांचा संबंध काय? एखाद्या अशक्त नराने चांगले गाऊन मादीला फसवले, असे होत नाही का?

उत्तर : गोडव्याचा येथे फारसा संबंध नाही. आपल्या कानाला जे गोड लागते तेच मादीलाही भावते, असे मानायला आधार नाही. प्रयोगांतून दिसते ते असे, की ती ज्यांकडे लक्ष देते त्या बहुतेक गोष्टी करायला अवघड असतात. नर किती वेळ गातो, स्वरखंड किती वेगाने घेतो, त्याला गाण्याचे किती प्रकार येतात, यांवर तिची निवड बऱ्याच अंशी अवलंबून असते. आणि यांतील प्रत्येक गोष्ट नराच्या आयुष्यातील निराळ्या काळाविषयी सांगत असते.

आजची स्थिती कळते ती गाण्याच्या प्रमाणावरून. लहान पक्षी थंडीच्या एका रात्रीत आपल्या वजनाचा जवळजवळ दहावा भाग गमावू शकतो, त्यामुळे पहाटे अंगात साठा उरलेला असेल त्यालाच पोटाची चिंता बाजूला ठेवून गात बसणे परवडते. पाइड फ्लायकॅचर या माशीमार पक्ष्यावर १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही नरांना जादा खाद्य पुरवण्यात आले, तेव्हा ते अधिक गाऊ लागले आणि त्यांना जोडीदारही लवकर मिळाली. गाण्यात शरीराची प्रचंड ऊर्जा खर्च होते, हे मात्र अनेकदा वाटते तितके खरे नाही. गाणाऱ्या कॅनरीचा आणि झेब्रा फिंचचा प्राणवायूचा वापर मोजला असता तो स्वस्थ बसलेल्या पक्ष्यापेक्षा थोडासाच वाढलेला आढळला. माझ्या मते खरी किंमत वेळेची आहे, कारण गाताना पक्ष्याला चरता येत नाही.

वेगाचा भाग अधिक मनोरंजक आहे. पक्ष्याचा आवाज माणसासारखा गळ्याच्या वरच्या टोकाशी निर्माण होत नाही. श्वासनलिका जेथे दुभंगून दोन फुप्फुसांकडे जाते, तेथे सिरिंक्स नावाचे स्वरयंत्र असते आणि गायक पक्ष्यांना त्याच्या डाव्या व उजव्या बाजू स्वतंत्रपणे चालवता येतात. नर कॅनरीच्या गाण्यात काही तुकडे असे येतात की ज्यांत दोन स्वरांचा एक खंड सेकंदाला सोळा किंवा त्याहून अधिक वेळा उच्चारला जातो. एवढ्या वेगात दोन्ही बाजूंचा मेळ तर राखावा लागतोच, शिवाय कसलेला गवई लांब तानेत घेतो तसा चोरटा श्वासही दोन खंडांमधल्या इवल्याशा फटीत घ्यावा लागतो. फ्रान्समधील संशोधकांनी हे तुकडे कॅनरीच्या माद्यांना ऐकवले, तेव्हा त्यांनी अंग दबवून व शेपटी उचलून मीलनाची तयारी दाखवण्याचा पवित्रा इतर तुकड्यांच्या तुलनेत कितीतरी अधिक वेळा घेतला.

वेगाला चोचीचीही मर्यादा असते. पट्टी चढली की चोच अधिक उघडावी लागते आणि उतरली की मिटावी लागते. म्हणून खालच्या व वरच्या स्वरांमधले अंतर जितके मोठे, तितका वेग राखणे कठीण. अमेरिकी संशोधक जेफ्री पोडोस यांनी स्वॉम्प स्पॅरो या पक्ष्याच्या पिल्लांना त्यांच्याच जातीची, पण यंत्राने वेग वाढवलेली गाणी ऐकवून वाढवले. पिल्लांनी ती उचलली, परंतु कोणी वेग कमी केला, कोणी मधले स्वर गाळले, तर कोणी थोडे गाऊन थांबत पुन्हा सुरुवात केली. म्हणजे चाल ठाऊक असूनही शरीर साथ देईना. पुढे याच जातीच्या माद्यांवर झालेल्या प्रयोगांत मर्यादेच्या जवळ जाणाऱ्या गाण्यांना त्यांनी अधिक प्रतिसाद दिल्याचे दिसले.

आपल्या फसवणुकीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. नर प्रामाणिक असतो म्हणून त्याचे गाणे विश्वासार्ह ठरते, असे नव्हे. जे स्नायूंना झेपत नाही त्याचे सोंग आणता येत नाही, एवढेच. जो संकेत देणे महाग पडते त्यावरच विसंबता येते, हा विचार इस्रायली शास्त्रज्ञ आमोत्झ झाहावी यांनी १९७५ मध्ये मांडला होता. १९८२ मध्ये विल्यम हॅमिल्टन आणि मार्लीन झुक यांनी त्याला परजीवींची जोड दिली : भडक रंग व जोरकस गाणे यांवरून रोगांना तोंड देण्याची नराची ताकद कळत असावी. सेज वॉर्बलर या वटवट्याच्या अभ्यासात रक्तात परजीवी असलेल्या नरांचे गाणे उणे पडलेले आढळले, ते या कल्पनेशी जुळते. मात्र सगळ्या जातींत असा संबंध स्पष्ट दिसत नाही, हेही लक्षात ठेवावे.

राहिला गाण्यांच्या प्रकारांचा भाग, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गायक पक्षी गाणे शिकतात आणि त्यासाठी लागणारी मेंदूतील केंद्रे पिल्लू लहान असतानाच घडत असतात. नेमक्या त्या दिवसांत पिल्लाची उपासमार झाली, तर पुढे कितीही खाल्ले तरी ती उणीव पुरती भरून निघत नाही. ग्रेट रीड वॉर्बलर या वटवट्यात घरट्यात असताना चांगली वाढ झालेल्या नरांचा पहिल्या वर्षीचा गाण्यांचा साठा मोठा असतो, असे दिसून आले आहे. स्वीडनमध्ये याच जातीवर झालेले आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन आणखी पुढे जाते : माद्या जोडीदाराखेरीज दुसऱ्या नराशी संग करत, तेव्हा तो शेजारी जोडीदारापेक्षा मोठा साठा असलेला असे, आणि मोठ्या साठ्याच्या बापाची पिल्ले घरटे सोडल्यानंतर अधिक प्रमाणात तगत. आजच्या पोटभर जेवणाने हा साठा वाढवता येत नाही, म्हणून मादीच्या दृष्टीने तो नराच्या बालपणाचा दाखलाच होय. हे विवेचन गाणे शिकणाऱ्या पक्ष्यांपुरते आहे. कोकीळ या गटात मोडत नाही, त्याची साद उपजत असते.

प्रश्न : मग नुसते ऐकून आपल्यालाही कोणता नर सशक्त आहे हे सांगता येईल का?

उत्तर : वेगातील बारकावे कानाला कळत नाहीत, त्यासाठी ध्वनिमुद्रण करून त्याचा आलेख पाहावा लागतो. एकच नर सलग काही दिवस ऐकल्यास तो किती वेळ गातो आणि किती निरनिराळे तुकडे घेतो, एवढे टिपता येईल. परंतु गाणे कमी झाले म्हणजे पक्षी आजारी पडला, असा निष्कर्ष घाईने काढू नये. सेज वॉर्बलरचा नर जोडी जमताच गाणे जवळजवळ बंद करतो. नाइटिंगेलमध्येही जोडी जमली की नराचे रात्रीचे गाणे थांबते आणि ज्याला जोडीदार मिळालेली नाही तो मात्र हंगामात पुढेही रात्री गात राहतो. त्यामुळे हंगाम बराच पुढे गेल्यावरही रात्रभर गाणारा नाइटिंगेल ऐकू आला, तर तो सर्वांत धडधाकट नर असण्यापेक्षा अजून एकटाच राहिलेला नर असण्याची शक्यता अधिक असते.