बेत बदलला तरी दिवस तुमचाच

पहिल्यांदाच मुलांना घेऊन थीम पार्कला निघालाय, तर तासातासाचं वेळापत्रक आखू नका. मनापासून हव्या असलेल्या 3 राइड ठरवा आणि गेट उघडायच्या अर्धा तास आधी पोहोचा. पहिल्या तासात रांगा सर्वांत छोट्या असतात, त्यात दोन तरी उरकतात. पुढे बेत बदलणारच. वीज कडाडली की उघड्यावरचे रोलर कोस्टर थांबवतात, कधी ऐन रांगेत असताना राइड बंद पडते. अशा वेळी तिथेच ताटकळू नका, छताखालचा शो गाठा.

उंचीची अट मात्र घरीच तपासा. माझी धाकटी मोजपट्टीला पाठ टेकवून, टाचा उचलून उभी राहिली होती. दोन बोटं कमी पडली आणि तिचे डोळे भरून आले. फार वाईट वाटलं मला. बऱ्याच मोठ्या पार्कमध्ये अशा लहानग्यापाशी एकाने थांबून पालकांनी आळीपाळीने राइडमध्ये बसायची सोय असते, दुसऱ्याला पुन्हा रांग लावावी लागत नाही. प्रवेशापाशीच विचारा.

दुपारी मूल किरकिरलं, तर खुशाल दोन तास विश्रांती घ्या. संध्याकाळी गर्दी ओसरते, राहिलेली राइड तेव्हा करा.