आधी वरचा बोल्ट, मग खालचा: गिअर ऑइलबद्दल तुमचे प्रश्न

इंजिन ऑइल कधी बदललं हे प्रत्येकाला पाठ असतं. गिअरबॉक्समध्येही ऑइल असतं हे मात्र गाडी विकायला काढेपर्यंत कोणाला आठवत नाही. मागच्या लेखात मी त्यावर दोनच ओळी लिहिल्या होत्या, त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांना एकच विचारायचं आहे: घरी बदलू की गॅरेजला देऊ? त्यातली काही पत्रं इथे घेतली आहेत. उत्तरं हाताने गिअर टाकायच्या गाड्यांसाठीच आहेत. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम कृपया यावरून करू नका.

माझी हॅचबॅक ६२,००० किलोमीटर चालली. सर्व्हिस सेंटरने गिअर ऑइलचे २,६०० रुपये सांगितले. दुकानात तेच ऑइल १,२०० रुपयांत येते. अंगणात जागा आहे, हाताला थोडंफार काम जमतं. घरी केलं तर चुकेल काय? (मानेवाडा)

काम म्हणून पाहिलं तर इंजिन ऑइलपेक्षाही सोपं आहे. फिल्टर नाही, काही नाही. खालचा बोल्ट काढायचा, जुनं ऑइल घमेल्यात पडू द्यायचं, खालचा बोल्ट नव्या वॉशरसकट लावायचा, वरच्या बोल्टच्या भोकातून नवीन भरायचं आणि भोकाच्या खालच्या काठाशी ऑइल आलं की थांबायचं. छोट्या गाडीत साधारण दोन लिटर लागतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहा.

चुकायच्या जागा दोनच आहेत, पण दोन्ही महागात पडतात.

पहिली म्हणजे बोल्टचा क्रम. ऑइल भरायचा वरचा बोल्ट आधी ढिला करा. तो सुटतो आहे याची खात्री झाल्याशिवाय खालच्याला पान्हासुद्धा लावू नका. हे मी स्वतः उलटं करून बसलो आहे. मेचा महिना होता, सकाळी सहाला गाडीखाली शिरलो, खालचा बोल्ट काढला, जुनं ऑइल सगळं निघून गेलं. मग वरच्या बोल्टला पान्हा लावला तर तो हलेना. दहा वर्षांत कोणी त्याला हात लावला नव्हता. जोर केला तर त्याचे कोपरेच गोल झाले. गिअरबॉक्स रिकामा, गाडी चालवून गॅरेजला नेता येत नाही. शेवटी मेकॅनिकला घरी बोलवावं लागलं. त्याने बोल्टच्या डोक्यावर नट वेल्डिंग करून तो काढला. गाडी तीन दिवस अंगणात उभी होती आणि आई रोज विचारायची, गाडीला झालं काय. आधी वरचा बोल्ट पाहिला असता तर तो निघत नाही हे कळलं असतं, आणि जुन्याच ऑइलवर गाडी आरामात गॅरेजला गेली असती.

दुसरी म्हणजे गाडी उभी कशी केली आहे. आपल्याकडे जॅक लावून चाकाखाली विटा नाहीतर दगड सारायची सवय आहे. राजेहो, हे करू नका. वीट आधी इशारा देऊन फुटत नाही, एका क्षणात तिचा चुरा होतो, आणि खाली तुमची छाती असते. गाडीसोबत येणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर खाली शिरायचं नसतं. लोखंडी घोड्या घ्या, त्या पक्क्या फरशीवर ठेवा, माती किंवा पेव्हर ब्लॉकवर नाही. मागच्या चाकांना अडण लावा. मगच खाली जा, आणि घरातल्या एकाला शेजारी थांबायला सांगा.

आता मापाचं. गाडी पुढून उचललेली असताना वरच्या भोकापर्यंत ऑइल भरलं तर माप चुकतं, कारण गिअरबॉक्स तिरपा असतो. ऑइल गाडी उचलून काढा, पण भरताना ती सपाट जमिनीवर हवी. बऱ्याच गाड्यांत बॉनेटमधून लांब रबरी नळी आणि नरसाळं लावून भरता येतं. जादा भरलं तर फेस होतो आणि ऑइल सीलमधून गळायला लागतं. जुनं निघालेलं ऑइलही बाटलीने मोजून घ्या. दोन लिटरच्या जागी सव्वाच निघालं तर कुठेतरी गळती आहे, ती शोधल्याशिवाय नवीन भरणं म्हणजे पैसे वाया.

बोल्ट घट्ट करताना जोर आवरा. गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनिअमचं असतं, आटे गेले की दीड हजार वाचवायच्या नादात त्याच्या कितीतरी पट खर्च होतो. टॉर्क पान्हा (किती जोर लागतो ते मोजणारा) असेल तर पुस्तकातल्या आकड्यावर लावा.

आणि हिशेब. तुमचे १,४०० रुपये वाचतात खरे, पण हायड्रॉलिक जॅक, दोन घोड्या, सॉकेटचा सेट हे तुमच्याकडे नसेल तर पहिल्या खेपेला उलट खर्चच जास्त होईल. गिअर ऑइल गाडीनुसार साधारण ४०,००० ते ८०,००० किलोमीटरला एकदा बदलतात, म्हणजे ही बचत दर महिन्याची नाही. अवजारं आधीच असतील, किंवा कॉलनीत दोघा-तिघांत मिळून घेत असाल, तर जरूर करा. फक्त या एका कामासाठी विकत घेऊ नका.

मला गाडीखाली जायचं नाही, गॅरेजलाच देणार. पण बिल घेऊन ऑइल बदललंच नाही तर मला कसं कळणार? (त्रिमूर्तीनगर)

ताई, तुमची शंका रास्त आहे. इंजिन ऑइलची कांडी काढून रंग पाहता येतो, बहुतेक गाड्यांच्या गिअरबॉक्सला कांडीच नसते. ऑइल आत आहे की नाही, नवं आहे की जुनं, हे वरून काहीच दिसत नाही. म्हणून हे काम न करताच बिलात लावणं फार सोपं आहे.

माझ्या मेहुण्याच्या गाडीत एका गॅरेजने असंच केलं होतं. बिलात गिअर ऑइल दोन लिटर, मजुरी वेगळी. मी खाली वाकून पाहिलं तर खालच्या बोल्टवर जुन्या चिखलाचा थर जशाचा तसा, पान्ह्याचा एक ओरखडासुद्धा नाही. विचारल्यावर त्यांनी पैसे परत केले. पण वाकून पाहिलं नसतं तर?

तेव्हापासून मी दोन्ही बोल्टांवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढतो, अर्धी बोल्टवर, अर्धी कवचावर. बोल्ट फिरला की रेघ तुटते. तुम्हाला खाली जायचं नसेल तर पंक्चरवाल्याकडे गाडी रॅम्पवर असताना त्याला ओढायला सांगा. याहून सोपा उपाय म्हणजे काम होताना तिथे उभं राहणं. ऑइलचा सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा, आणि खालचा बोल्ट निघाला की तो हातात मागा.

त्या बोल्टला बहुतेक वेळा टोकाशी चुंबक असतो आणि त्यावर काळसर करडी लुगदी जमलेली असते. चिमटीत घासून पाहा. काजळासारखी मऊ लागली तर ती रोजची झीज आहे, काळजी नको. त्यात डोळ्यांना दिसणारे, बोटाला टोचणारे कण असतील तर मात्र तिथेच कारण विचारा. पितळी चमक दिसली तर सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर अडकण्याआधी गती जुळवणारी पितळी रिंग, झिजते आहे. एवढं तिथे थांबून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला कोणी सहसा फसवत नाही. चांगला मेकॅनिक तर उलट खूश होऊन सगळं दाखवतो.

दुकानदाराने जीएल-४ ऐवजी जीएल-५ दिलं. म्हणे आकडा मोठा, माल भारी. घालू का? (कामठी रोड)

जीएल-४ आणि जीएल-५ ही गिअर ऑइलच्या प्रकारांची नावं आहेत. पुस्तकात जीएल-४ लिहिलं असेल तर घालू नका, बदलून आणा. चार आणि पाच ही चांगल्या-वाइटाची पायरी नाही, कामं वेगळी आहेत. जीएल-५ मध्ये प्रचंड दाब सोसणारी गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. मागच्या चाकांच्या डिफरन्शियलमधले (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) हायपॉइड दाते एकमेकांवर घसरत फिरतात, त्यांना ती लागतात.

तुमच्या गिअरबॉक्सला वेगळंच हवं असतं. दुसरा गिअर टाकता तेव्हा ती पितळी सिंक्रो रिंग गिअरच्या शंकूवर दाबून घासते आणि दोघांची गती एक झाली की मगच दाते अडकतात. म्हणजे तिथे थोडं घर्षण हवंच. ऑइल गरजेपेक्षा निसरडं असेल तर रिंग पकडच घेत नाही आणि गिअर करकरतो. शिवाय जीएल-५ मधल्या काही रसायनांनी पितळ खराब होऊ शकतं.

बोलेरोसारखी मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर गिअरबॉक्सचं आणि डिफरन्शियलचं ऑइल वेगवेगळं असू शकतं, दोन्ही पुस्तकात पाहून घ्या. ऑइलच्या घट्टपणाचा आकडाही तसाच. ७५डब्ल्यू-८० लिहिलं असताना ‘नागपूरचं ऊन आहे’ म्हणून जाड ८०डब्ल्यू-९० घातलं तर जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की सकाळी पहिल्या चौकापर्यंत दुसरा गिअर जड जाईल. बनवणाऱ्याने ४५ डिग्रीचा विचार केलेला असतो.

जुनी गाडी घ्यायची आहे. मालक अंबाझरी लेआउटचा आहे. २०२३ च्या पुरात गाडी बुडाली नव्हती असं तो म्हणतो. गिअरबॉक्सवरून कळेल का? (हिंगणा रोड)

बऱ्यापैकी कळेल. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा त्या भागातल्या किती गाड्या पाण्याखाली गेल्या हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला हवा आत-बाहेर होण्यासाठी एक छोटं छिद्र असतं, त्याला ब्रीदर म्हणतात. पाणी त्याच्या वर गेलं की तिथून किंवा सीलमधून आत शिरतं. गिअरबॉक्स गरम असेल तर थंड पाण्यात आतली हवा आकसते आणि पाणी अक्षरशः ओढून घेते.

ओळखायचं असं: मालकाच्या परवानगीने मेकॅनिककडून वरचा बोल्ट काढून घ्या आणि आत बोटाचं टोक बुडवा. ऑइल मधासारखं किंवा काळपट पण पारदर्शक असेल तर ठीक. दूध घातलेल्या कॉफीसारखं निघालं तर आत पाणी आहे, मालक काहीही सांगो. ऑइल अगदी कोरं करकरीत निघालं, तर का आणि कधी बदललं ते विचारा आणि बिल पाहा.

पाणी आत राहिलेल्या गिअरबॉक्सचं ऑइल नुसतं एकदा बदलून भागत नाही. नवीन भरून थोडं चालवून पुन्हा काढावं लागतं, कधी तिसऱ्यांदाही. आणि बेअरिंगवर गंज चढला असेल तर तो ऑइलने जात नाही. अमरावती रोडवर मोकळ्यावर गाडी घ्या, काच खाली करा, प्रत्येक गिअरमध्ये वेगाबरोबर चढणारी घरघर ऐका. ती असेल तर ती गाडी सोडा, दुसरी मिळेल.

दुसरा गिअर टाकताना कर्रर आवाज येतो. नवीन ऑइलने जाईल का? (नंदनवन)

आधी क्लच तपासा. गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल. क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. तेव्हाही करकरला तर क्लच पूर्ण सुटत नाही आहे, गिअर ऑइलचा त्यात दोष नाही. रिव्हर्स शांत पडला आणि आवाज फक्त दुसऱ्यालाच येत असेल तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली असावी. योग्य ऑइलने थोडा फरक पडेल, झिजलेलं पितळ परत येणार नाही. बाटलीतली जादूची औषधं घेऊ नका. रिंग बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तेव्हा क्लच प्लेटही त्याच वेळी पाहून घ्या, मजुरी एकदाच पडेल.

स्कूटरलाही गिअर ऑइल असतं का? (सक्करदरा)

असतं. मागच्या चाकाजवळच्या डब्यात, शंभर-सव्वाशे मिलीलिटर. इंजिन ऑइलपासून वेगळं. घरी शिकायला याहून चांगलं काम नाही: गाडी मेन स्टँडवर, दोन बोल्ट, एक वॉशर, सिरिंजने भरलं की झालं. बहुतेक मोटरसायकलींत मात्र इंजिन आणि गिअर दोघांना एकच ऑइल असतं, तिथे वेगळं काही भरायचं नाही.

निघालेलं जुनं ऑइल शेतातल्या लाकडी खांबांना वाळवीसाठी लावू का? नाहीतर नालीत ओततो. (वाडी)

काका, दोन्ही नको. त्या ऑइलमध्ये धातूचा कीस आणि रसायनं असतात. खांबाला लावलं तर पहिल्या पावसात मातीत उतरेल आणि तिथून विहिरीकडे जाईल. नालीत ओतलं तर ते नाग नदीत जाणार, नाग नदी पुढे कन्हानला मिळते, तिथून वैनगंगा. त्याच पाण्यावर खालच्या गावांची शेती आहे. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं, ते नोंदणी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जायला हवं. तुम्हाला त्यांच्याकडे जायची गरज नाही. बहुतेक मोठ्या गॅरेजमध्ये जुन्या ऑइलचं पिंप असतं, विचारलं तर घेतात. नवीन ऑइल ज्या डब्यात आलं त्यातच जुनं भरा, त्यात पेट्रोल, कूलंट, पाणी काही मिसळू नका, नाहीतर तेही घेणार नाहीत. झाकण घट्ट लावा आणि डब्यावर ठळक मार्करने ‘जुनं’ लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी घरातलं कोणीतरी नवीन समजून तेच गाडीत भरेल.