अपडेटनंतर लॅपटॉपचा कॅमेरा बंद. सर्व्हिस सेंटर म्हणतं, वॉरंटी संपली

प्रश्न : मी नाशिकला राहते. घरूनच गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घेते, त्यावरच घर चालतं. मागच्या वर्षी शहरातल्या एका दुकानातून ५२,००० रुपयांना लॅपटॉप घेतला. वॉरंटी एक वर्षाची. अकराव्या महिन्यात एका रात्री अपडेट झालं आणि सकाळपासून कॅमेरा बंद. सर्व्हिस सेंटरने ‘हा सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे, वॉरंटीत येत नाही’ म्हणून फॉरमॅटचे १,५०० रुपये घेतले. तरीही कॅमेरा लागला नाही. लॅपटॉप पाच आठवडे तिथेच पडून होता. आता म्हणतात, मदरबोर्ड बदलावा लागेल, १९,००० रुपये होतील, कारण मधल्या काळात वॉरंटी संपली. पैसे भरू का? आणि तक्रार करायची तर कुणावर?

उत्तर : ताई, १९,००० रुपये आत्ता भरू नका. लॅपटॉप पहिल्यांदा जमा केला तेव्हा सर्व्हिस सेंटरने दिलेली पावती, म्हणजे जॉबशीट, आधी शोधा. या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा कागद तोच आहे. तिच्यावरची तारीख वॉरंटीतली आहे, आणि तुम्ही दोष कधी कळवलात हे महत्त्वाचं. दुरुस्तीला त्यांनी किती आठवडे लावले हे नव्हे. लॅपटॉप त्यांच्या ताब्यात असताना मुदत संपली, तर त्याचा भुर्दंड तुमच्यावर टाकता येत नाही. जॉबशीट थर्मल कागदावर असेल तर अक्षरं उडतात, म्हणून आजच झेरॉक्स काढा आणि फोटोही घेऊन ठेवा.

दुसरी गोष्ट, त्यांनी दोन वेळा दोन वेगळी कारणं दिली आहेत. दोष सॉफ्टवेअरचा असेल तर मदरबोर्ड कशासाठी बदलायचा? आणि हार्डवेअरचा असेल तर तो पहिल्याच दिवशी वॉरंटीत फुकट दुरुस्त व्हायला हवा होता. मग फॉरमॅटचे १,५०० रुपये कशाचे? कुठलंही एक उत्तर धरलं तरी ते त्यांच्याच अंगाशी येतं. म्हणून दोन्ही कारणं त्यांच्याकडून लेखी घ्या. मदरबोर्डचं कोटेशन ईमेलवर मागवा आणि त्यात नेमका कुठला भाग का गेला हे लिहायला सांगा.

लॅपटॉप घरी आला की एक तपासणी करा. मी सहसा तांत्रिक गोष्टीत शिरत नाही, पण इथे तुमची निम्मी केस त्यावर उभी आहे. आधी कॅमेऱ्यावरची छोटी सरकती पट्टी, कीबोर्डवरचं कॅमेऱ्याचं बटण आणि सेटिंग्जमधली कॅमेऱ्याची परवानगी बघा. प्रकरण ग्राहक आयोगात गेलं तर तिथे सामनेवाले, म्हणजे विरुद्ध बाजू, पहिला बचाव हाच घेतात की ‘पट्टी बंद होती’ किंवा ‘ग्राहकाने परवानगीच दिली नव्हती’. मग एखाद्या जाणकाराकडून पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजसारखीच दुसरी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम) घालून घ्या आणि इन्स्टॉल न करता लॅपटॉप त्यावरूनच सुरू करा. हार्ड डिस्कवरच्या विंडोजला यात हात लागत नाही, आणि स्क्रूही काढावा लागत नाही. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क-कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की मात्र आधी लिहून ठेवा. उबुंटूमध्ये कॅमेरा चालला, तर कॅमेरा आणि बोर्ड दोन्ही ठीक आहेत. १९,००० रुपयांच्या मागणीला आधार उरत नाही. नाही चालला, तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) कॅमेरा बंद तर केलेला नाही ना, तेवढं बघा. तसंही नसेल तर दोष बहुधा हार्डवेअरचाच, आणि तो तुम्ही वॉरंटीत असतानाच कळवलेला आहे. या सगळ्याचं मोबाइलवर सलग चित्रीकरण करा, लॅपटॉपचा सीरियल नंबर त्यात दिसू द्या. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडून लॅपटॉप उघडून मात्र घेऊ नका. सील तुटलं की त्यांना आयतं कारण मिळेल.

फॉरमॅटमुळे तुमचा एक पुरावा गेला आहे. कुठलं अपडेट कोणत्या तारखेला बसलं, याची नोंद विंडोजच्या अपडेट हिस्टरीत होती, ती पुसली गेली. पण आदल्या संध्याकाळच्या शिकवणीच्या तासाचं रेकॉर्डिंग असेल तर त्यात कॅमेरा चालू दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पालकांच्या ग्रुपवर ‘अपडेटनंतर कॅमेरा लागत नाहीये, आज आवाजावरच शिकवते’ असं काही लिहिलं असेल तर तो मेसेज काढा. हे जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र द्या. ग्राहक आयोग पुराव्याच्या बाबतीत दिवाणी कोर्टाइतका काटेकोर नसतो, तरी त्या मुद्द्यावर वाद नको.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूतला ‘दोष’ म्हणजे फक्त तुटफूट नव्हे. विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दर्जा सांगितला, त्यात उणीव असली तरी तो दोषच. तुमच्या खोक्यावर किंवा जाहिरातीत एचडी वेबकॅम लिहिलेला असणार. ते खोकं रद्दीत देऊ नका. ‘सॉफ्टवेअर वॉरंटीत नाही’ हे वाक्य अनेक वॉरंटी कार्डांवर असतं आणि सामनेवाले त्यावर जोर देतील, हे खरं. तुमचं उत्तर असं की लॅपटॉप ऑपरेटिंग सिस्टीम घालूनच, एका बिलावर, एका किमतीला विकला. तक्रार दुकानदार, सर्व्हिस सेंटर आणि लॅपटॉपची कंपनी या तिघांवर करा, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवेल. कुणी याच कायद्यातलं ‘उत्पादन दायित्व’ (सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची भरपाई) हे प्रकरणही जोडायला सांगेल. ते नको. त्या प्रकरणातल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द वस्तूचं नुकसान वगळलेलं आहे. सदोष वस्तू आणि सेवेतील त्रुटी, एवढंच धरा.

तुम्ही शिकवण्यांसाठी लॅपटॉप वापरता म्हणून ‘हा व्यापारी वापर आहे, या ग्राहकच नाहीत’ असाही आक्षेप येईल. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी वापरात धरलेली नाही. तक्रारीत हे पहिल्याच परिच्छेदात लिहा. बिल तुमच्या वैयक्तिक नावावर आहे ना, तेही बघून घ्या.

आधी तिघांनाही स्पीड पोस्टाने आणि ईमेलने नोटीस पाठवा. लांबलचक नको. ‘लॅपटॉपचा दोष मी वॉरंटीच्या मुदतीत अमुक तारखेच्या जॉबशीटने कळवला आहे. १५ दिवसांत कॅमेरा विनामूल्य दुरुस्त करून द्यावा व फॉरमॅटचे १,५०० रुपये परत करावेत, अन्यथा ग्राहक आयोगात दाद मागेन’, एवढं पुरे. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणं याच टप्प्यावर मिटतात.

नाही मिटलं तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. कंपनीचं कार्यालय कुठेही असो, तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या किमतीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. कायदा तीन महिन्यांत, प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा धरतो. प्रत्यक्षात त्याहून वेळ लागतो, तशी मनाची तयारी ठेवा. मागणी दुरुस्तीची, ती न जमल्यास बदलून देण्याची किंवा किंमत परत करण्याची, वर भरलेले १,५०० रुपये, मनस्ताप आणि खर्च. लाखोंची भरपाई मागू नका, त्याने चांगली केस हलकी पडते.

तोवर तास बुडवू नका. यूएसबीचा साधा कॅमेरा विकत घ्या, त्याचं पक्कं बिल ठेवा आणि ती रक्कमही तक्रारीत मागा. लॅपटॉप परत घेताना ‘समाधानकारक स्थितीत मिळाला’ अशा छापील ओळीखाली सही मागतील. सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा : ‘कॅमेरा बंद अवस्थेत परत घेतला, हरकत राखून.’